दुबईतला 'दोन वर्षांचा फ्रीलान्स व्हिसा' : पैसे देण्याआधी एकदा वाचा

"दोन वर्षांचा फ्रीलान्स व्हिसा, स्पॉन्सर नको, कुठेही काम करा, फक्त ६,५०० दिरहम" असा मेसेज दुबई-शारजात राहणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी आलेला असतो. माझ्याही आला. त्यात माझे ४,००० दिरहम गेले, म्हणजे रुपयात लाखाच्या आतबाहेर, आणि वर ओव्हरस्टेचा, म्हणजे मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा दंड भरला तो वेगळाच. आत्ता ज्यांची नोकरी गेलीय किंवा जे व्हिजिटवर येऊन काम शोधतायत त्यांच्यासाठी लिहितोय, कारण ही माणसं बरोबर अशाच लोकांना गाठतात.

आमची कंपनी बंद पडली आणि सगळ्यांचे व्हिसा कॅन्सल झाले. कॅन्सलेशननंतर ग्रेस पिरीयड, म्हणजे सवलतीचे दिवस मिळतात, कुणाला ३० दिवस, कुणाला ६०, काही कॅटेगरीत १८० सुद्धा, त्यानंतर मात्र रोज ५० दिरहम दंड सुरू. म्हणजे महिन्याला १,५००. बेडस्पेसचं, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं परवडतं पण हे नाही. मुलाची शाळा इथेच, वर्ष अर्धवट, त्यामुळे एक्झिट मारून घरी जायचं आणि परत व्हिजिटवर यायचं हे जमण्यासारखं नव्हतं.

दुबईच्या देरा भागातल्या एका डॉक्युमेंट क्लिअरिंगच्या, म्हणजे सरकारी कागदपत्रं करून देणाऱ्या ऑफिसचं नाव एका ओळखीच्याने दिलं. नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. समोरचा माणूस मराठी बोलणारा, आल्याआल्या कडक चहा, "गाव कुठलं, चिपळूण का, अरे मग आपलेच की तुम्ही" असं सुरू झालं. परदेशात आपल्या भाषेत कुणी बोललं की अर्धी चौकशी माणूस तिथेच सोडून देतो, आणि हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ४,००० ॲडव्हान्स, कॅश, बाकीचे एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र हातात आल्यावर. ठरलं.

आता हा बाजारातला "फ्रीलान्स व्हिसा" म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. खरं फ्रीलान्स परमिट असतं, नाही असं नाही, दुबईत फ्री झोनमधून निघतं, नुसत्या परमिटचीच फी ७,५०० दिरहम, व्हिसाचा खर्च त्याच्या वर. शिवाय ठरावीक क्षेत्रांनाच मिळतं, मीडिया, टेक, डिझाइन, एज्युकेशन वगैरे. पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा पण आहे, पण त्याला डिग्री आणि मागच्या दोन वर्षांत ३,६०,००० दिरहमची कमाई दाखवावी लागते. मग साडेसहा हजारात सगळं मिळून हे विकतात ते काय? तर कुठल्यातरी क्लीनिंग नाहीतर टेक्निकल सर्व्हिसेसच्या कंपनीच्या कोट्यातला साधा एम्प्लॉयमेंट व्हिसा. आपली जुनी माणसं ज्याला आझाद व्हिसा म्हणायची तोच, फक्त नाव नवीन. कागदावर तुम्ही त्यांचे क्लीनर, प्रत्यक्षात काम दुसरीकडे. आणि हे कायद्यात बसत नाही. २०२४ मध्ये कायदा बदलल्यावर परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्याला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, त्यामुळे जरा बरी कंपनी असेल ती असल्या व्हिसावरच्या माणसाला दारात उभं करत नाही.

म्हणजे तो व्हिसा खरा मिळाला असता तरी फार उपयोगाचा नव्हताच. मला तर तोही नाही मिळाला.

पहिल्या काही दिवसांत व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली, एंट्री परमिट. वर दुबई इमिग्रेशनचा लोगो, माझा फोटो, पासपोर्ट नंबर, क्यूआर कोड, सगळं झकास. "दादा, स्टेटस चेंज झाला, आता फक्त मेडिकल, निवांत राहा." मग मेडिकलची स्लिप काही येईना. आज सिस्टीम डाऊन, उद्या कोटा संपला, मग ईदची सुट्टी, मग पीआरओ, म्हणजे त्यांचा सरकारी कामं करणारा माणूस, उमऱ्याला (मक्केला) गेला. दंडाचं विचारलं की म्हणायचा, तुमची फाइल आत आहे, दंड लागत नाही. नंतर नंतर तर "थांबा, परत ॲम्नेस्टी येतेय" हे सुरू केलं. २०२४ ला सप्टेंबर ते डिसेंबर अशी माफी खरंच होती, बऱ्याच लोकांचे मोठमोठे दंड माफ झाले, त्यामुळे असं सांगितलं की ऐकणाऱ्याला खरं वाटतं. पण पुढची माफी कधी हे सरकारशिवाय कुणालाच माहीत नसतं, देरातल्या कागद टाइप करून देणाऱ्याला तर नाहीच.

शेवटी बायको म्हणाली, आमेर सेंटरला, म्हणजे दुबईत व्हिसाची कामं करणाऱ्या सरकारमान्य केंद्रात जाऊन नुसतं विचारायला काय पैसे पडतात? काउंटरवरच्या मुलीने पीडीएफचा प्रिंट घेतला, फाइल नंबर बघितला आणि टाइप करायच्या आधीच मान हलवली. म्हणाली, दुबईचा व्हिसा २०१ ने सुरू होतो, अबुधाबीचा १०१, शारजाचा ३०१, अजमानचा ४०१. माझ्या कागदावर लोगो दुबईचा आणि नंबर ३०१ वाला. कुणाच्यातरी शारजाच्या परमिटवर माझा फोटो चिकटवून बाकीचं बदललं होतं. मग तिने पासपोर्ट नंबर टाकला. माझ्या नावावर शेवटची नोंद जुन्या कंपनीच्या कॅन्सलेशनची, ग्रेस केव्हाच संपलेला, आणि खाली दंडाचा आकडा. क्यूआर कोड त्यानंतर घरी येऊन स्कॅन केला तर सरकारी साइटसारखी दिसणारी भलतीच साइट उघडली.

खोटा कागद हा यातला छोटा भाग आहे हो. त्यांचा खरा धंदा वेळ काढण्यावर चालतो. जितके दिवस जातील तितका तुमचा दंड वाढतो, जितका दंड वाढेल तितके तुम्ही सरकारी काउंटरवर जायला घाबरता, पकडतील, डिपोर्ट करतील असं वाटतं, आणि जे विकत घेतलंय तेच निम्मं बेकायदा असल्यामुळे तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? ४,००० मध्ये ते तुमचं गप्प राहणंसुद्धा विकत घेतात.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा चहा नव्हता. "जास्त बोललात तर ॲब्स्कॉन्डिंग टाकीन, आयुष्यभर बॅन बसेल." हे ऐकून चांगली चांगली माणसं गळपटतात. पण जरा डोकं चालवा, ॲब्स्कॉन्डिंगची, म्हणजे कामगार पळून गेल्याची तक्रार स्पॉन्सर करतो, ज्याच्या व्हिसावर तुम्ही आहात तो. माझा त्यांच्याकडे व्हिसाच नव्हता, तर टाकणार कशावर? ज्यांचा खरोखर त्यांच्या कंपनीवर व्हिसा निघालाय त्यांची गोष्ट वेगळी, तिथे ही धमकी खरी होऊ शकते.

पावती मागितली होती हे एक बरं झालं, पण तीही बघण्यासारखी. शिक्का ऑफिसच्या नावाचा नाही, तिसऱ्याच एका टेक्निकल सर्व्हिसेसचा, आणि खाली बारीक अक्षरात "कन्सल्टेशन फी, नॉन रिफंडेबल". व्हिसा हा शब्दच कुठे नाही. पोलिसात तक्रार दिली तेव्हा त्या पावतीपेक्षा व्हॉट्सॲपचे व्हॉइस नोट्स जास्त कामाला आले, त्यात तो स्वतःच्या तोंडाने रक्कम आणि व्हिसा दोन्ही बोलतोय. डिलीट करू नका काही. पैसे अजून आलेले नाहीत.

दंड भरला, नंतर एका कंपनीने रीतसर घेतलं. त्यांनी व्हिसाचा एक पैसा मागितला नाही, आणि हे काही उपकार नाहीत, कामगाराच्या व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकाने करायचा असा इथला कायदाच आहे. कुणी ऑफर लेटर देऊन व्हिसाचे पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. ऑफर लेटरवर एमबी ने सुरू होणारा ट्रान्झॅक्शन नंबर असतो, तो कामगार मंत्रालयाच्या साइटवर टाकून बघता येतो. व्हिसाची फाइल दुबईची असेल तर जीडीआरएफएच्या, म्हणजे दुबईच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर, बाकी अमिरातींची आयसीपी या केंद्रीय खात्याच्या साइटवर तपासता येते, दोन्ही फुकट. आणि पासपोर्टवर स्टिकर २०२२ पासून बंद आहे, आता एमिरेट्स आयडी हाच पुरावा, म्हणून "स्टॅम्पिंगला पासपोर्ट द्या" असं कुणी म्हणालं तर पासपोर्ट देऊ नका.

गावाकडून येणाऱ्यांसाठी एवढंच की भारतात रिक्रूटिंग एजंटला सरकारी लायसन्स लागतं, ई-मायग्रेट या भारत सरकारच्या साइटवर नाव सापडतं, आणि सर्व्हिस चार्ज ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. रत्नागिरी-खेडकडे दीड-दोन लाख मागणारे फिरतात त्यांना हे विचारा आणि चेहरा बघा. इथे आधीच अडकलेला असाल तर भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राचा टोल फ्री नंबर ८०० ४६३४२, हिंदीत बोलतात, आणि ओव्हरस्टे आहे म्हणून फोनवर कुणी पकडत नाही.