बेटांवर गट न्यायचा असेल तर दुहेरी कयाक

आठ जणांचा गट घेऊन दिवसभरासाठी जवळच्या बेटांवर जायचं असेल आणि त्यातल्या निम्म्यांनी समुद्रात कधी वल्हं मारलेलं नसेल, तर मी तीन दुहेरी, म्हणजे दोघांनी मिळून वल्हवायच्या, आणि दोन एकेरी कयाक मागते. सगळ्या एकेरी नको, सगळ्या दुहेरीही नको. गटाचे बेत आखण्याचं काम बऱ्याचदा माझ्याकडेच येतं, आणि भाड्याने मिळणाऱ्या बोटींपैकी जिच्यामुळे बेत तडीस जातो ती दुहेरीच, असं माझं ठाम मत झालंय.

मी बोलतेय ती बंद डेकची, लांब, निमुळती सी कयाक. किनाऱ्यालगत मौजेसाठी फिरवतात ती वर बसायची उघडी कयाक वेगळी, तिच्यावरून बेटापर्यंतचं अंतर कापायला जाऊ नये. दुहेरी सी कयाक साधारण सहा मीटर लांब असते. प्लास्टिकची असेल तर वजन ४० किलोच्या आसपास, फायबरची थोडी हलकी. बसायच्या दोन जागा, पुढे आणि मागे सामानाचे बंद कप्पे, आणि मागे बसणाऱ्याच्या पायाशी सुकाणूची पेडलं.

गट फुटतो तो वेगामुळे. समजा किनाऱ्यापासून पहिलं बेट पाच किलोमीटरवर आहे. नवखा माणूस एकेरी कयाकमध्ये ताशी चार किलोमीटर जातो असं धरू. समोरून एक नॉटचा प्रवाह आला, म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तर त्याची खरी चाल दोनाच्या जरा वर उरते आणि तेवढ्याच अंतराला सव्वादोन तासांहून जरा जास्त लागतात. दुहेरी कयाक दोघांनी मिळून साडेपाचाच्या चालीने ओढली, तर त्याच प्रवाहात ती दीड तासाच्या आत पोचते. प्रवाह दोघांनाही सारखाच अडवतो, पण ज्याची चाल मुळात कमी त्याचं जवळजवळ निम्मं बळ त्यातच जातं. पुढे गेलेले थांबून वाट बघतात आणि थांबलेल्या बोटींना प्रवाह मागे नेतो. मागचे दमून पोचले की पुढचे लगेच निघतात, मागच्यांना विसावा मिळतच नाही. दुहेरी कयाकमध्ये हळू वल्हवणाऱ्याची जोडी दमदार माणसाशी लावता येते. मग सगळ्या बोटींची चाल जवळपास सारखी होते, आणि हाक ऐकू जाईल इतक्या अंतरात गट राहतो.

माझ्या मावसबहिणीचं मनगट थोड्या वेळात दुखायला लागतं. एकेरीत तिला बेटांवर न्यायचं धाडस मी केलं नसतं. दुहेरीत ती पुढे बसली, मध्येच वल्हं डेकवर आडवं ठेवून मनगट चोळत बसली, आणि तरी बोट पुढे जात राहिली. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठीही हे मोलाचं आहे, कारण एका जागी डुचमळत राहिलं की मळमळ वाढते.

कोण कुठे बसणार हे किनाऱ्यावरच ठरवा. मागे जड आणि अनुभवी माणूस, पुढे हलका किंवा नवखा. ताल पुढचा देतो. मागच्याने त्याच्या खांद्याकडे बघायचं: उजवा खांदा पुढे झुकला की आपलंही उजवं पातं पाण्यात. ही लय चुकली की वल्ही एकमेकांवर आपटतात आणि दोघंही वैतागतात. म्हणून पुढच्याला एकच गोष्ट सांगते, घाई करू नकोस. तो अतिउत्साहाने भराभर वल्हवायला लागला तर मागच्याला सुकाणू सांभाळत तो वेग गाठता येत नाही. दोन जागांमध्ये अंतर जास्त असलेली बोट मिळत असेल तर तीच घ्या, लय थोडी चुकली तरी निभावतं.

आता दोष. पहिला आणि सर्वांत मोठा दोष वजन. रिकामी बोट चौघांनी उचलावी लागते. पाणी, खाणं, कपडे आत भरल्यावर तर ती हलवण्याचा विचारही करू नये. बोट पाण्याच्या कडेला ठेवायची आणि मगच सामान भरायचं. ओहोटीला कडा शंभर मीटर मागे सरकली असेल, तर तेवढ्या चिखल-वाळूतून तीन दुहेरी नेता नेताच गटाचे हात भरून येतात. त्यामुळे या बोटी घेतल्या की भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी आणि बाकी सगळा बेत नंतर. निघतानाही आणि परततानाही पाणी वर असावं हे दर वेळी जमत नाही. दोन्ही जमत नसेल, तर मी परतीची वेळ सांभाळते, कारण तेव्हा सगळे दमलेले असतात.

वेळापत्रक बघताना बाराव्या भागांचा ठोकताळा उपयोगी पडतो. ओहोटीपासून भरतीपर्यंत ढोबळमानाने सहा तास धरले, तर पहिल्या तासात पाण्याच्या एकूण चढाचा बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मा चढ होतो. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या खाडीतला जोर बहुधा त्याच सुमारास सर्वांत जास्त असतो, पण काही ठिकाणी प्रवाह वळायची वेळ भरती-ओहोटीच्या वेळेशी जुळत नाही, म्हणून तिथल्या जाणत्यांना विचारावंच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हे सगळं जोरात होतं. नवखा गट असेल तर मी अष्टमीच्या आसपासची, भांगाची, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ती तारीख शोधते.

बेटावर उतरल्यावर चढत्या पाण्याचं भान ठेवा. वाळूवर शेवाळ आणि काटक्यांची जी रेघ दिसते तिच्याही वर बोट ओढायची आणि दोरी दगडाला बांधायची. बोट जड आहे, आपोआप जागेवर राहील, हा समज खोटा. घोट्याएवढं पाणी आलं तरी ती अलगद तरंगते. लाटा फुटत असतील तिथे उतरताना बोट आणि किनारा यांच्यामध्ये कुणीही उभं राहायचं नाही. पाणी भरलेली दुहेरी लाटेबरोबर आडवी आली तर पाय मोडू शकते.

दुसरा दोष उलटण्याचा. रुंद असल्यामुळे ती सहजी उलटत नाही, पण उलटली की दोघंही पाण्यात. मधल्या भागात बंद भिंत किंवा कप्पा नसेल तर तिच्यात खूप पाणी भरतं. सरळ केल्यावर एकाने एका बाजूने धरून ठेवायची, दुसऱ्याने समोरच्या बाजूने चढायचं, मग आतल्याने वल्हं पाण्यावर आडवं टेकवून तोल सांभाळायचा आणि खालच्याला वर घ्यायचं. ऐकायला सोपं, पण थंड पाण्यात आणि लाटेत सराव नसताना जमत नाही. बेताच्या आदल्या आठवड्यात उथळ, शांत पाण्यात प्रत्येक जोडीने हे करून बघावं, स्प्रे स्कर्टची (कमरेला घालून बसायच्या जागेचं तोंड बंद करणाऱ्या झाकणाची) पुढची पट्टी ओढून बाहेर पडण्यासकट. ज्याला हे करायचं नाही त्याने यायचं नाही, इतकी मी यात कडक आहे. हातपंप प्रत्येक बोटीत हवा, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, चेन लावलेलं.

तिसरा दोष, ती वळायला वेळ घेते. खडकांमधल्या फटीत शिरायची हौस असेल तर ही बोट तुमच्यासाठी नाही. म्हणूनच दोन एकेरी. एक म्होरक्याची, एक शेवटच्याची. कुणी मागे वळून बघायचं, कुणाजवळ जायचं, टो-रोप, म्हणजे ओढायची दोरी, लावायचा, हे एकेरीतला माणूस चटकन करतो. उलट एकेरीवाला दमला, तर त्याला ओढायला दुहेरीइतकी चांगली बोट नाही.

वाऱ्यात मात्र दुहेरीचं सुकाणू आधार देतं. एकेरीचं तोंड वाऱ्याकडे फिरत राहतं आणि नवखा एकाच बाजूने वल्हवून थकतो. तरी वाऱ्याची मर्यादा मी बोट बघून बदलत नाही. ११ नॉटच्या वर अंदाज असेल तर नवख्या गटाचा बेत रद्द. दिवस तापला की दुपारी खारे वारे सुटतात, म्हणून पहाटे निघून लांबचा टप्पा आधी संपवायचा. वारा एका बाजूने आणि प्रवाह त्याच्या बरोबर उलट बाजूने आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, तेवढी वेळ टाळायचीच.

भाड्याने घेताना सुकाणूची पेडलं दोन्ही पायांनी दाबून तार बघा, ती कधीकधी गंजलेली किंवा तुटायला आलेली असते. एकदा आमच्या हाती आलेल्या बोटीत कप्प्याच्या झाकणाचं रबर चिरलेलं होतं. देणाऱ्याने ‘चालतंय की’ म्हणून हात झटकले, आम्ही ती परत केली. झाकण गळकं म्हणजे बोटीला तरंगत ठेवणारी हवाच गेली. पाय टेकायची पेडलं दोघांच्या उंचीप्रमाणे सरकतात का तेही बघा.

किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे बोटींचे रंग, माणसांची नावं, मार्ग आणि परतायची वेळ लिहून द्या. वायरलेस असेल तर तिथले परवान्याचे नियम बघून घ्या आणि संकटात मदत मागायचा चॅनल १६ कसा वापरायचा हे निदान दोघांना येऊ द्या.

विकत घ्यावी का? वर्षात बऱ्याचदा गट नेत असाल, सहा मीटर लांबीची कोरडी जागा असेल आणि गाडीच्या टपावर चढवायला हक्काची चार माणसं असतील तरच. नाहीतर भाड्याचीच बरी, आणि तारीख भांगाची ठरली की त्याच दिवशी बोटी सांगून ठेवा, कारण बहुतेक ठिकाणी दुहेरी मोजक्याच असतात आणि त्याच आधी जातात.