फेट वापरून घेतलेले धाराविद्युतचे तीन तास

नववीला मी विज्ञान शिकवते. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. वर्गात ५८ मुलं. निम्म्याहून जास्त घरांत तेलुगू बोलतात, कुणाचे वडील यंत्रमागावर जातात, कुणाची आई विड्या वळते. संगणक खोलीत चालू स्थितीतले सात संगणक, एक प्रोजेक्टर, आणि इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट. हे आधी सांगते, कारण माझ्यासारखाच वर्ग असलेल्या शिक्षकांसाठी मी हे लिहितेय.

गेल्या वर्षी एका कंपनीचा तयार पाठांचा संच मी पदरचे बाराशे रुपये घालून घेतला होता. स्लाइडमागून स्लाइड आणि शेवटी पर्यायी प्रश्न. मुलं शांत बसून बघायची. दुसऱ्या दिवशी विचारलं तर एकसर जोडणी (एकापुढे एक) आणि समांतर जोडणी (प्रत्येकाला वेगळी वाट) यांची व्याख्या पाठ, पण घरातले दिवे कसे जोडलेले असतात हे एकालाही सांगता येईना. त्यात नेट अडकलं की तास तिथेच थांबायचा. ते पैसे मला अजून सलतात.

यंदा तोच धाराविद्युतचा पाठ फेटवर (PhET) घेतला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथला हा प्रकल्प. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. विज्ञान आणि गणिताची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर आपल्या हाताने हलवून बघायचे प्रयोग, तिथे फुकट मिळतात. बरीच मराठीतही आहेत, आणि ती भाषांतरं स्वयंसेवक करतात.

पण मला सर्वांत उपयोगी पडलं ते शिक्षकांसाठीचं पान. मोफत खातं उघडलं की प्रत्येक सिम्युलेशनबद्दल शिक्षकांसाठी छोटं टिपण मिळतं: कशाकडे लक्ष द्यायचं, मुलं कुठे अडखळतात. जगभरच्या शिक्षकांनी केलेली टाचणंही, म्हणजे तासाच्या लेखी आखण्याही, आहेत, जास्त करून इंग्रजीत. मी ती वाचते आणि माझं टाचण मराठीत नव्याने लिहिते. पाठ आखण्याबद्दल त्यांचं सांगणं साधं आहे. मुलांना नेमकं काय कळायला हवं ते आधी ठरवा, सूचना कमीत कमी द्या, सुरुवातीला पाच-दहा मिनिटं त्यांना मोकळं खेळू द्या, आणि कारण त्यांच्या शब्दांत व आकृतीत लिहून घ्या. माझ्या टाचणात आजवर ‘शिक्षक कृती’चा रकाना भरलेला आणि ‘विद्यार्थी कृती’त ‘ऐकतात, पाहतात’ एवढंच असायचं. या वेळी सोळा वर्षांत पहिल्यांदा दुसरा रकाना मोठा झाला.

पहिल्या तासाला प्रोजेक्टरवर परिपथाचं, म्हणजे वीज वाहण्याच्या पूर्ण वाटेचं, सिम्युलेशन लावलं. पडद्यावर ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा बल्ब, तारा. एका मुलाने तारेची दोन्ही टोकं थेट बॅटरीला लावली आणि बॅटरीतून ज्वाळा निघाल्या. वर्ग ओरडलाच. फ्यूज कशासाठी असतो हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

मग एकच प्रश्न फळ्यावर लिहिला: दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडले तर कोणता जास्त उजळेल? चाळीसेक हात पहिल्या बल्बसाठी वर आले. “बाई, दुसऱ्याला उरलेली वीज मिळणार ना.” विद्युतधारा बल्बमध्ये खर्च होते, हा समज वर्षानुवर्षं मुलांच्या डोक्यात राहतो आणि पुस्तकातल्या वाक्याने जात नाही.

दुसऱ्या दिवशी संगणक खोलीत त्यांनी स्वतः ॲमीटर (विद्युतधारा मोजायचा मीटर) लावून पाहिला. एका बल्बला ०.९ अँपिअर. दोन एकसर जोडल्यावर पहिल्याच्या आधी ०.४५, मध्ये ०.४५, दुसऱ्यानंतरही ०.४५. एक मुलगी मीटर चार वेळा पुढेमागे सरकवत राहिली, आकडा बदलेल म्हणून. समांतर जोडणीत दोन्ही बल्ब एकट्या बल्बइतकेच लख्ख, आणि बॅटरीजवळ १.८. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणूनच कारखान्यात एक माग बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात.” या मुलाने वर्षभरात आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मला त्या दिवशी घरी जाताना रिक्षात रडू आलं.

त्या तासाला नेट नव्हतंच. सिम्युलेशनची फाइल एकदा उतरवून घेतली की ती ब्राउझरमध्ये बिनानेट चालते. मी आदल्या रात्री घरी उतरवून पेन ड्राइव्हवर नेली होती. वीज जाण्यावर मात्र यात उपाय नाही. म्हणून टाचणात कागदावरचा परिपथही तयार ठेवा.

तिसरा तास खऱ्या सेल, खऱ्या बल्बचा ठेवला, आणि तो कुणीही गाळू नये असं मी हट्टाने सांगते. पडद्यावरची बॅटरी कधी उतरत नाही, तारेचं टोक कधी सैल राहत नाही. आमच्या पाच गटांचे बल्ब आधी पेटलेच नाहीत. मग मुलं जोड तपासायला लागली, तारेवरचं आवरण दाताने सोलायला लागली (कात्री दिली मी लगेच). आधी पडद्यावर खेळल्यामुळे कुठे शोधायचं ते त्यांना ठाऊक होतं. हा क्रम उलटा केला तर इतका उपयोग होईल असं मला वाटत नाही.

एका संगणकावर आठ मुलं ही गर्दीच. माउस एकाच्याच हातात राहतो. मी दर चार मिनिटांनी टाळी वाजवून माउस पुढे द्यायला लावला, आणि ज्याच्या हातात माउस त्याने बोलायचं नाही, बाकीच्यांनी सांगायचं, असा नियम केला. पहिल्या दहा मिनिटांत गोंधळ होतो, होऊ द्यावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकच सिम्युलेशन घ्यावं आणि आधी घरी तासभर स्वतः खेळून बघावं. आठवी-नववीला परिपथ, लहान वर्गांना अपूर्णांक. आमच्या सहावीच्या सरांनी ते कालच माझ्या पेन ड्राइव्हवरून घेतलं. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ते खेळत बसले होते.