मोटरसायकलवरचा तंबू: सगळं शाबूत, पोल तेवढा चिरला

इंदूरजवळच्या जानापाव डोंगराच्या माथ्यावर रात्री वारा सुटला आणि तंबूचा फायबरग्लासचा पोल, म्हणजे तंबू उभा धरणारी तुकड्यातुकड्यांची काठी, उभा चिरला. कापड धड, चेन धड, शिवणींवरची टेपसुद्धा कुठे सुटलेली नाही. पोलच्या एका तुकड्याने सगळा तंबू निकामी केला.

कंपनीला फोन केला. सुटा तुकडा मिळत नाही, पूर्ण पोलसेट घ्या. आणि सेट सध्या शिल्लक नाही, तेव्हा नवीन मॉडेल बघा! म्हणजे साडेसहा हजारांची वस्तू एका तुकड्यापायी भंगारात टाकायची? तीन वेळा फोन केला, फोटो पाठवले, तरी उत्तर तेच. याचा मला अजून राग आहे, आणि या तंबूचे गुण मी कापतोय ते याच कारणासाठी.

शेवटी इंदूरच्या सियागंज बाजारातून ॲल्युमिनियमची नळी आणली, पोलवर जेमतेम सरकेल अशी. वीतभर कापली, कानशीने कडा घासल्या, चिरलेल्या जागेवर चढवली आणि दोन्ही टोकांना टेप गुंडाळली. चिरलेल्या फायबरग्लासला नुसता हात लावू नका, बारीक कुसं बोटात शिरतात. आधी टेप मारा, मग काय ते करा. त्यानंतर महेश्वरच्या बाजूला पावसात तंबू उभा केला, पोल हलला नाही.

इथे एका बाबतीत माझं मत बदललं. या तंबूत पोल कापडी बोगद्यातून ओवायचा नसतो, प्लास्टिकच्या हुकांना अडकवायचा असतो. सुरुवातीला ते हुक मला तकलादू वाटायचे. पण बोगदा असता तर नळी चढवलेला जाड पोल त्यातून सरकलाच नसता. आता कोणी विचारलं तर मी हुकवालाच घ्या म्हणतो.

वॉटरप्रूफचे आकडे सगळे वाचतात. बाइकवाल्याने मात्र पहिल्यांदा पोलच्या घडीची लांबी बघावी. माझी साठ सेंटिमीटरच्या वर आहे. सॅडलबॅगेत मावत नाही आणि मागच्या सीटवर आडवा बांधला की दोन्ही बाजूंना बाहेर येतो. खंडवा रोडने सिमरोळ सोडून भेरूघाट उतरताना शेजारून ट्रक गेला की जीव मुठीत येतो. म्हणून मी पोल पिशवीतून काढून सीटवर गाडीच्या लांबीने बांधतो आणि कापड सॅडलबॅगेत कोंबतो, तेही सायलेन्सर नसलेल्या बाजूला. गरम सायलेन्सरला नायलॉन टेकलं की वितळलंच. चाळीस-पंचेचाळीसची घडी असलेले ॲल्युमिनियमचे पोल महाग पडतात, पण ते आधी वाकतात, लगेच चिरत नाहीत. किलोभर जादा वजनाचं मला काही वाटत नाही, ते गाडी वाहते.

बाकीचं थोडक्यात. दुहेरी कापड हवंच. नदीकाठी पहाटे बाहेरच्या कापडाला आतून पाणी सुटतं, ते अंथरुणावर येत नाही. तिघांचा म्हणून विकतात तो दोघांचा समजा, कारण जॅकेटं, बूट, हेल्मेट कुठे ठेवणार? पुढे ओसरी असेल तर उत्तम. सोबत मिळणाऱ्या सळईसारख्या खुंट्या माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात लोण्यासारख्या उपसून येतात. लांब, इंग्रजी व्ही आकाराच्या वेगळ्या घ्या. जानापावला खडकच लागतो, तिथे दोऱ्या दगडांना बांधल्या. नुसत्या खुंट्यांच्या ताणावर उभा राहणारा तंबू तिथे लावताच आला नसता, त्यामुळे पोलवर स्वतः उभा राहणारा घेतला याचं समाधान आहे. दोरी बाइकलाही बांधता येते, फक्त साइड स्टँडखाली चपटा दगड सरकवा, नाहीतर ओल्या मातीत स्टँड खचतो आणि गाडी तंबूवर येते.

तंबू म्हणून 5 पैकी 4, कंपनी म्हणून 1. विकत घेण्याआधी पोलचा सुटा तुकडा मिळतो का, हे दुकानदाराला लेखी विचारा. तशी आणखी एक नळी कापून मी पंक्चर किटमध्येच ठेवली आहे.