बॉनेटचा जुना रंग काढताना : ब्लास्टिंग, रिमूव्हर की पॉलिश पेपर?

जुनी अँबॅसेडर किंवा पद्मिनी बनवायला घेतली की कोल्हापुरात पहिला सल्ला ठरलेला असतो. "बॉनेट, दरवाजे सगळं उतरवा आणि शिरोलीला ब्लास्टिंगला टाका. संध्याकाळी कोरा पत्रा हातात." सल्ला प्रेमानंच दिलेला असतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात एवढ्या फाउंड्र्या आहेत की शॉट ब्लास्टिंग, म्हणजे पोलादी छर्रे जोरात मारून सफाई करणारा कुणी ना कुणी ओळखीचा निघतोच, आणि ओळखीत तो पैसेही फारसे घेत नाही. अडचण एकच. ती यंत्रं कास्टिंग साफ करायला बसवलेली आहेत आणि बॉनेट म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपासचा रुंद पत्रा.

लोक म्हणतात, ब्लास्टिंगच्या उष्णतेनं पत्रा वाकतो. उष्णतेचा वाटा असतो, पण मुख्य कारण माराचं आहे. पोलादी छर्रा आदळतो तेव्हा पत्र्याचा वरचा थर बारीक बारीक ठोकला जाऊन पसरायला बघतो. खालचा थर तसाच राहतो. मग ज्या बाजूनं मारा झाला त्या बाजूला पत्रा पापडासारखा फुगतो. कास्टिंगची भिंत जाड असते, तिला याचं काही वाटत नाही. बॉनेटच्या मधल्या सपाट भागाला मात्र आतून फारसा आधार नसतो. तो एकदा ताणला गेला की दाबल्यावर आत जातो आणि सोडल्यावर टक्कन बाहेर येतो. असा पत्रा पुन्हा आवळून घेणारे मिस्त्री आता थोडे उरलेत. बाकीचे वरून लांबी (पुटी) भरून देतात, आणि अशा हलत्या पत्र्यावर भरलेली जाड लांबी पुढेमागे तडकते.

म्हणून माझं मत सरळ आहे : बॉनेटची वरची बाजू छर्ऱ्याखाली जाऊ देऊ नका, फुकट करून मिळत असलं तरी. बिजागऱ्या, ब्रॅकेट, चाकांच्या डिस्क, सस्पेन्शनचे आर्म असलं जाड सामान मात्र खुशाल पाठवा. तिथे ब्लास्टिंगला तोड नाही.

मधला मार्ग म्हणून सोडा ब्लास्टिंग सांगितलं जातं. खायच्या सोड्याचे कण मऊ, ते आदळून फुटतात, पत्रा ताणत नाहीत. खरं आहे. पण सोडा गंज काढत नाही, आणि त्याची भुकटी घड्यांत राहिली तर वरचा रंग धरत नाही. धुणं नीट झालं तरच त्या वाटेला जावं. आणि कुणी साधी वाळू मारून देतो म्हणाला तर पत्र्याआधी त्याच्या फुप्फुसांची काळजी करा. वाळूतल्या सिलिकाची धूळ वाईट.

पेंट रिमूव्हर हा हळू, वासाचा आणि चिकट प्रकार, पण बॉनेटसाठी मी तोच निवडेन. पत्र्यावर ना मार, ना ताप. जाड थर द्यायचा, वर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा म्हणजे तो वाळत नाही, आणि रंग सुरकुतला की बोथट पट्टीनं ओढून काढायचा. पन्नास वर्षांत चारदा रंगवलेल्या गाडीला दोन-तीन हात लागतात. कडेची दोनेक इंच जागा मात्र चिकटपट्टी लावून सोडायची. बॉनेटची कड आतल्या फ्रेमवर दुमडलेली असते, त्या घडीत रिमूव्हर शिरला तर धुऊनही पुरता निघत नाही आणि नव्या रंगाला आतून फोड आणतो. याच कारणानं आख्खं बॉनेट ॲसिडच्या टाकीत बुडवण्याचा विचारही करू नका. काम उघड्यावर करा, जाड रबरी हातमोजे घाला. रिमूव्हरनं गंज जात नाही. तो वायर ब्रशनं, खड्डे पडले असतील तिथे गंज काढायच्या द्रावणानं.

पॉलिश पेपर कडांसाठी लागणारच. रंगाचे थर दोनच असतील आणि पत्रा बरा असेल तर आख्खं बॉनेटही ऑर्बिटल सँडरवर 80 नंबरनं निघतं. फक्त ग्राइंडरला डिस्क लावून घाई करणाऱ्या पोराला आवरा. एका जागी डिस्क टेकून राहिली की पत्रा तापतो, आणि तापला की तोही फुगतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा मास्क लावा आणि जमेल तिथे ओलं घासा.

एवढं सांभाळून करण्यापेक्षा फायबरचं बॉनेट बसवा, असंही कुणी सुचवेल. अँबॅसेडर 2014 ला बंद झाली, मूळ बॉनेट आता भंगारातच शोधावं लागतं, म्हणून हातात आहे ते जपा. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर घ्यायचा असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. फायबर लावून तिथे वाद कशाला ओढवून घ्यायचा?

बॉनेट उतरवावं की गाडीवरच ठेवावं? फक्त कार्बोरेटर, वायरिंग करायचं असेल तर राहू द्या, बॉनेट उघडं धरणारी दांडी मात्र पक्की हवी. इंजिन काढायचं किंवा रंग काढायचा तर उतरवाच. आधी बिजागरीभोवती रेघ ओढून घ्या, वॉशर त्याच बोल्टला परत अडकवा, मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर वाकळेचे तुकडे बांधा आणि दोघांनी मिळून उचला. स्टँडर्ड हेराल्ड गाडी असेल तर चौघं बोलवा, तिचं बॉनेट म्हणजे मडगार्डांसकट पुढचा सगळा भाग. उतरवलेलं बॉनेट आडवं ठेवू नका. गॅरेजमध्ये आडवं दिसलं की त्यावर कुणीतरी बॅटरी ठेवतोच. भिंतीला टेकवून, खाली गोधडी घालून उभं करा.

हे सगळं मृग लागायच्या आत किंवा दसऱ्यानंतर. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कोरा पत्रा रात्रीत तांबूस होतो. पत्रा उघडा केला त्याच दिवशी दोन्ही बाजूंना इपॉक्सी प्रायमर चढवा. साध्या सरफेसरवर (रंगाआधी पत्रा गुळगुळीत करणाऱ्या थरावर) गाडी पाऊसभर ठेवली तर तो ओलावा शोषून घेतो.

परत बसवताना बिजागऱ्या हातानं हलवून बघा. अडखळणारी बिजागरी असताना बॉनेट दाबून बंद केलं, तर ते मागच्या बाजूला दुमडतं आणि आतापर्यंतची मेहनत एका दणक्यात जाते. लॉक सुरुवातीला लावूच नका. आधी गॅप जुळवा, मग लॉक बसवा, आणि पहिल्यांदा बंद करताना लॉकच्या खटक्याला बांधलेली सुतळी जाळीतून बाहेर काढून ठेवा. जुनी केबल तुटली तर बॉनेट उघडायला तीच कामाला येते.