व्हेनिसमध्ये मुक्काम कुठे करावा: मेस्त्रे, कान्नारेज्यो, दोर्सोदूरो की सान मार्को?

व्हेनिसमधले हॉटेल ठरवताना आपल्याकडचे बहुतेक प्रवासी दर पाहतात, छायाचित्रे पाहतात आणि नकाशावर सान मार्को हा शहराचा मुख्य चौक किती जवळ आहे ते मोजतात. या शहरात ते मोजमाप फसवे ठरते. खाडीतील बेटांवर वसलेल्या जुन्या व्हेनिसमध्ये मोटारी चालत नाहीत, चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांतील बहुतेकांना चढायला व उतरायला पायऱ्या आहेत. त्यामुळे चाकांची मोठी बॅग घेऊन आलेल्या माणसाला पाचशे मीटरही फार वाटू शकतात. म्हणून रेल्वे स्थानकापासून किंवा वापोरेत्तोच्या, म्हणजे जलबसच्या, धक्क्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत किती पूल लागतात, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो. आईवडील किंवा लहान मुले बरोबर असतील, तर बाकीचे प्रश्न त्यानंतरचे.

पहिला निर्णय बेटावर राहायचे की मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे या उपनगरात, हा असतो. मेस्त्रेत त्याच पैशांत मोठी खोली मिळते, इमारत नवी असल्यास लिफ्टही असते, आणि तिथून व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकापर्यंत रेल्वेने दहा-बारा मिनिटे आणि दीड युरोच्या आसपास भाडे लागते. मेस्त्रे स्थानकाच्या परिसरात बांगलादेशी वस्ती मोठी असल्याने तांदूळ, डाळी आणि मसाले विकणारी दुकाने सहज सापडतात, ही शाकाहारी कुटुंबांसाठी लहान गोष्ट नाही. मात्र हिशेबात न दिसणारा तोटा असा की, दुपारी पाय दुखू लागल्यावर तासभर खोलीवर जाऊन पडण्याची सोय उरत नाही. शिवाय व्हेनिसची गर्दी मुख्यतः दिवसभरासाठी येणाऱ्यांची असते. ती संध्याकाळी ओसरते आणि सकाळी आठ-नऊपर्यंत परतलेली नसते. मेस्त्रेत राहणारा माणूस नेमका गर्दीबरोबर येतो आणि बहुधा तिच्याबरोबरच जातो. एकच रात्र असेल आणि दुसऱ्या दिवशी फ्लोरेन्स किंवा मिलानची गाडी पकडायची असेल, तर मेस्त्रे हा शहाणपणाचा पर्याय आहे. दोन किंवा अधिक रात्री असतील, तर खोली लहान घ्यावी, पण बेटावर घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेटावर सहा जुने विभाग आहेत. त्यांपैकी कान्नारेज्यो मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. सांता लुचिया स्थानक याच विभागात आहे, आणि स्थानकाबाहेर डावीकडे वळून लिस्ता दी स्पान्या या रस्त्याने गेल्यास ग्युल्ये पुलापर्यंत एकही पूल लागत नाही. हा पट्टा तसा रुक्ष आहे: मुखवट्यांची दुकाने आणि चित्रांचे मेनू लावलेली उपाहारगृहे. पण सामान जड असेल, तर त्याच्यासारखी जागा नाही. पुलापलीकडे शहर पालटते. १५१६ मध्ये ज्यूंना जिथे कोंडून वसवले तो घेट्टो, मिझेरिकोर्दियाचा कालवाकाठ आणि उत्तरेकडचे फोंदामेंते नोवे हा भाग रात्रीही स्थानिकांच्या वावराचा आहे. विमानतळावरून येणाऱ्या अलिलागुना बोटी ग्युल्ये आणि फोंदामेंते नोवे या धक्क्यांवर थांबतात, त्यामुळे विमानाने येणाऱ्यालाही हाच विभाग सोयीचा पडतो.

सान मार्को विभागात राहण्याचा खरा लाभ सकाळी लवकर आणि रात्री उशिरा मिळतो, कारण तेव्हा चौक जवळजवळ मोकळा असतो. त्या दोन वेळांसाठी येथील चढे दर देण्यासारखे आहेत की नाहीत, हे ज्याचे त्याने ठरवावे. दिवसभर दाराबाहेर रेटारेटी असते आणि साध्या जेवणाचेही बिल फुगते. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा चौक शहराच्या सर्वांत सखल भागांपैकी असल्याने मोठ्या भरतीचे पाणी येथे शिरते. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी भरतीच्या मोजपट्टीवर पाणी १८७ सेंटीमीटरवर गेले होते; ऑक्टोबर २०२० पासून मोझे नावाचे पूररोधक अडथळे खाडीच्या मुखाशी उभे केले जाऊ लागल्यापासून तसे संकट टळते. पण हे अडथळे साधारणपणे ११० सेंटीमीटर किंवा अधिक भरतीचा अंदाज असतानाच उचलले जातात, आणि चौकात त्याहून बऱ्याच कमी भरतीला पाणी साचते. त्या दिवसांत कान्नारेज्यो किंवा दोर्सोदूरोतील तुलनेने उंच भाग बरा.

दोर्सोदूरो हा विद्यापीठाचा आणि चित्रसंग्रहालयांचा विभाग. आक्कादेमिया हे चित्रसंग्रहालय येथेच आहे, सांता मार्गेरिता चौकात विद्यार्थ्यांमुळे स्वस्त खाणे मिळते, आणि दक्षिणेकडचा त्सात्तेरेचा रुंद काठ संध्याकाळी फिरायला फार छान आहे. मनाला विचाराल तर मी येथेच राहीन. पण स्थानकापासून चालत यायचे तर पूल बरेच लागतात, त्यामुळे सामानासह जलबसच घ्यावी. पूर्वेकडच्या कास्तेल्लोत गारिबाल्दी रस्त्याच्या परिसरात शांतता आणि माफक दर मिळतात, मात्र स्थानक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते.

जुदेक्का आणि लिदो या वेगळ्या बेटांवरील हॉटेले छायाचित्रांत मोहक दिसतात. तिथून पायी शहरात येता येत नाही. जलबसचे एकेरी तिकीट साडेनऊ युरोंचे असून ७२ तासांचा पास ४५ युरोंना पडतो; म्हणजे दोघांचे ९० युरो खोलीच्या भाड्यात मिळवूनच तुलना करावी.

विभाग ठरल्यावर खोलीकडे वळावे. ‘कालव्याचे दृश्य’ या शब्दांवर भाळून जादा पैसे मोजण्यापूर्वी कालवा कोणता हे विचारावे. ग्रँड कॅनल या मुख्य कालव्यावरचे दृश्य अनमोल आहे. आतल्या अरुंद कालव्यावर मात्र समोर चार मीटरवर दुसऱ्याची भिंत असू शकते, आणि पहाटे धुलाईची गाठोडी, बाटल्यांचे क्रेट व कचरा वाहणाऱ्या बोटींची इंजिने खिडकीखालीच घरघरतात. उन्हाळ्यात डासही येतात. जुन्या वाड्यांत लिफ्ट नसणे नित्याचे असल्याने खोली कितव्या मजल्यावर आहे आणि वातानुकूलन आहे का, ही दोन्ही उत्तरे लेखी मागावीत. पत्त्याचेही तसेच: येथे घरक्रमांक रस्त्यानुसार नसून अख्ख्या विभागात सलग दिलेले असतात, त्यामुळे ‘कान्नारेज्यो’ आणि चार आकडी क्रमांक एवढ्यावर दार सापडत नाही. गल्लीचे नाव आणि जवळचा धक्का हॉटेलकडून आधीच विचारून घ्यावा.

शेंगेन व्हिसासाठी निवासाचा पुरावा जोडावा लागतो, तेव्हा व्हिसा हातात येईपर्यंत विनाशुल्क रद्द होणारेच आरक्षण घ्यावे, मग दर थोडा अधिक असला तरी चालेल. दाखवलेल्या दरात शहराचा पर्यटक कर बहुधा धरलेला नसतो. हॉटेलच्या दर्जानुसार तो माणशी प्रतिरात्र सुमारे एक ते पाच युरो असतो, पहिल्या पाच रात्रींपुरताच लागतो आणि दहा वर्षांखालील मुलांना माफ आहे. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्कही भरावे लागते. मेस्त्रेसह व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत मुक्काम करणाऱ्यांना ते नाही, पण सवलतीचा कोड संकेतस्थळावरून काढावा लागतो. स्वस्त पडते म्हणून जवळच्या पादुआ शहरात राहणाऱ्या पर्यटकाला मात्र शुल्क चुकत नाही. लहान हॉटेलांचा स्वागतकक्ष रात्री बंद होतो. विमान रात्री उशिरा उतरणार असेल, तर पहिली रात्र मेस्त्रेत किंवा विमानतळाजवळ काढून सकाळी उजेडात बेटावरच्या खोलीत जाणे सोपे पडते.