विंटेजच्या नावाखाली वीस हजारांचा गंडा

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दोन जुन्या तबकड्या, म्हणजे रेकॉर्डी, प्रत्येकी ₹4,200. एक एलपी, ₹3,750. एक डेनिमचं जॅकेट, ₹7,900. बेरीज ₹20,050. वरचे पन्नास रुपये दुकानदारानं सोडले, "काका, तुमच्यासाठी" म्हणून. आज मला वीस हजारांपेक्षा त्या पन्नास रुपयांचा जास्त संताप येतो.

दुकान गोव्यात बार्देश तालुक्यात आहे, आसगावच्या बाजूला, एका जुन्या घराच्या बल्कांवाच्या (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीच्या) आत. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात न्यायचं आहे. त्या पट्ट्यातली सगळीच दुकानं लबाड आहेत असंही मी म्हणत नाही. पण तिथं जुन्या रेकॉर्डी आणि जुने कपडे घ्यायला जाणार असाल, तर आधी हे वाचा.

मी गेलो होतो केसरबाईंसाठी. थोर शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे. त्यांनी ध्वनिमुद्रणं मोजकीच करू दिली, त्यामुळे लाखेची मूळ तबकडी मिळते म्हटल्यावर कोणीही दर्दी माणूस जाईलच. आमच्या घरी वडिलांचा चावीचा फोनो अजून चालतो. हौस म्हणून पैसे उधळायला मी गेलो नव्हतो.

आता तो क्षण. एलपी माझ्या हातात देताना तो म्हणाला, "चौसष्टचं पहिलं प्रिंटिंग आहे, काका. गोव्यात दुसरी मिळणार नाही." मी कव्हर उलटलं. तळाला कंपनीचा कलकत्त्याचा पत्ता आणि पत्त्यापुढे सहा आकडे. पिनकोड! श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत देशात लागू झाली 15 ऑगस्ट 1972 रोजी. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, हेच आकडे वाचण्यात. 1964 च्या कव्हरवर ते येतील कुठून? माझी नजर त्या आकड्यांवर थांबली होती. आणि नेमकं तेव्हाच त्यानं केसरबाईंच्या तबकडीवर सुई टेकवली. माझा आजही पक्का समज आहे की तो तबकडीकडे बघत नव्हता, माझ्या डोळ्यांकडे बघत होता. खोलीत पिवळा मंद दिवा, छताला पंखा, आणि तो आवाज. केसरबाईंचा षड्ज लागल्यावर कव्हरावरचा पत्ता वाचत बसणारा माणूस मला दाखवा!

तबकडी खरी होती. वाजवली ती खरीच होती. मग "धूळ पुसून, नीट पॅक करून देतो" म्हणत तो सगळं घेऊन पडद्यामागे गेला. बाहेर आलं ते पुठ्ठा, बबल रॅप आणि चहूबाजूंनी चिकटपट्टी. पॅकिंग तुमच्या डोळ्यांसमोरच करून घ्या. पडद्यामागे गेलेली वस्तू परत वाजवून बघा, त्याला राग आला तरी चालेल.

फोंड्याला येऊन उघडलं तर दोन्ही तबकड्यांवर मधोमध केसरबाईंच्या नावाची कागदी चकती आणि वाजवल्यावर कुणातरी पुरुषाचं भजन. चकतीची कड नखानं उचलली तर सरळ सुटून आली, खाली दुसरीच चकती. खऱ्या तबकडीत ही चकती लाखेबरोबरच दाबली जाते, ती अशी सुटत नाही. चकतीच्या भोवती जो गुळगुळीत पट्टा असतो त्यात एक नंबर कोरलेला असतो. चकतीवर छापलेल्या नंबराशी तो ताडून बघा. बॅटरी सोबत न्या, दुकानातल्या उजेडावर विसंबू नका.

जॅकेट भाच्यासाठी घेतलं होतं. "साठच्या दशकातलं अमेरिकन लिव्हाइस." भाच्यानं दोन मिनिटांत सांगितलं, "मामा, 1971 पर्यंत खिशावरच्या त्या लाल पट्टीवर नावाची सगळी अक्षरं कॅपिटल असायची. यात ई लहान आहे." शिवाय आत धुलाईच्या खुणांची पांढरी पट्टी. अमेरिकेत अशी सूचना सक्तीची झाली 1972 मध्ये. हे मला कोणत्या जन्मी ठाऊक असणार होतं? मी कपड्यांचा जाणकार नाही, आणि गिऱ्हाइकानं प्रत्येक मालाचा जाणकार असावं असा कायदाही नाही.

बिल मागितलं तेव्हा कागदाच्या चिठोऱ्यावर "विंटेज आयटम्स, परत घेतले जाणार नाहीत" एवढंच लिहून दिलं. यूपीआयवर नाव दुकानाचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. तुमच्या फोनवर दुकानाखेरीज दुसरं नाव दिसलं तर तिथंच थांबा.

परत गेलो तेव्हा मला ओळख दाखवायलाही तो तयार नव्हता. "तुम्हीच घरी बदलली असेल."

पोलीस ठाण्यात हवालदारानं चिकटवलेली चकती हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाला, "बाब, हें सिव्हिल मॅटर. तुमी कोर्टांत वचात." म्हणजे कोर्टात जा. दुसऱ्याची चकती चिकटवून माल विकणं सिव्हिल कसं? भारतीय न्याय संहितेचं 318 कलम फसवणुकीचंच आहे ना? साहेब बंदोबस्तावर. साहेब आले, तर म्हणे जुनी वस्तू आहे, थोडंफार इकडेतिकडे होणारच. माझ्या अर्जावर पोच म्हणून शिक्का मारायला सांगितलं, तर शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. बँकेत गेलो. तिथली मुलगी म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या मर्जीनं झाला. पंचायतीत विचारलं, तर त्या घराला दुकानाचा परवानाच नाही, कॅफेचा आहे, तोही घरमालकाच्या नावावर. मग कारवाई करा! "लेखी द्या, पाहू." लेखी दिलं. पाहत आहेत. जो तो मला पुढच्या टेबलाकडे ढकलतो आणि वर विचारतो, एवढे पैसे रेकॉर्डीवर कशाला घातलेत? माझ्या पेन्शनचे पैसे मी कशावर घालायचे हे मला विचारण्याचा अधिकार यांना कुणी दिला? चोराला एक प्रश्न नाही, आणि लुबाडलेल्या माणसाची उलटतपासणी!

म्हणून आता कुणाच्या दारात उभं राहणं बंद केलंय. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे ती टपालानं थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी स्पीड पोस्टनं पाठवली आहे, पोच जपून ठेवली आहे. "विकलेला माल परत घेणार नाही" या ओळीला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षं. सल्ल्यासाठी 1915 हा नंबर आहे.

त्या बाजूच्या दुकानातून कुणी सुटी चकती असलेली तबकडी आणली असेल तर ती फेकू नका. दोन्ही चकत्यांचे फोटो काढा, यूपीआयचा स्क्रीनशॉट ठेवा आणि आपली तक्रार स्वतंत्र नोंदवा. माझा एकट्याचा कागद ते दाबून ठेवतील. दहा जणांचे आले तर "सिव्हिल मॅटर" म्हणायला त्यांना तोंड राहणार नाही.