वास्तुकलेच्या पदवीआधीचे फाउंडेशन वर्ष : एक सविस्तर अभिप्राय

वास्तुकलेच्या पदवीला जोडून असलेले फाउंडेशन वर्ष मी पूर्ण केले, त्यापुढची तीन वर्षेही त्याच विद्यापीठात काढली आणि आता पदवी हातात आल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. ते वर्ष संपताच लिहायला बसले असते तर मजकूर बराच कडवट झाला असता, कारण आपल्याला थेट पहिल्या वर्षात घेतले नाही ही सल तेव्हा ताजी होती. चार वर्षांचा विचार करता हाताला वळण लागले आणि डोळा तयार झाला तो याच वर्षात, हे आज मी खात्रीने सांगू शकते. तरीही हे वर्ष डोळे झाकून घ्यावे, असे मी म्हणणार नाही. चुका करायला जागा, त्या सुधारायला वेळ आणि चूक नेमकी कुठे झाली हे दाखवणारा शिक्षक, या तीन गोष्टी तुमच्या वाट्याला किती येतात, यावर त्याचा लाभ जवळजवळ सर्वस्वी अवलंबून असतो.

आधी रचना समजून घ्यावी. ज्यांच्या शालेय शिक्षणात चित्रकला किंवा डिझाइन हा विषय नव्हता, ज्यांचे गुण थोडक्यात कमी पडले किंवा ज्यांच्याजवळ दाखवण्याजोगा पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामांचा संग्रह नाही, अशांसाठी पदवीच्या तीन वर्षांआधी हे एक वर्ष जोडलेले असते. त्यात उत्तीर्ण झाल्यावर नव्याने अर्ज न करता पहिल्या वर्षात जाता येते. ही पद्धत ब्रिटनमधील विद्यापीठांत विशेष रुळलेली आहे आणि तिथली एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. तेथे व्यावसायिक पात्रतेचे पार्ट १, पार्ट २ आणि पार्ट ३ असे टप्पे रूढ आहेत. मान्यताप्राप्त तीन वर्षांची पदवी म्हणजे पार्ट १, आणि फाउंडेशन वर्ष त्याच्याही अलीकडचे, म्हणजे कोणत्याच पार्टमध्ये न मोजले जाणारे. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी तेथे १९९७ च्या कायद्याने संरक्षित असून नोंदणीशिवाय ती व्यवसायात लावता येत नाही. त्या उपाधीपर्यंतचा मुळातच लांब असलेला रस्ता या वर्षामुळे आणखी लांबतो, तेव्हा हा हिशेब घरच्यांसमोर स्पष्ट मांडूनच निर्णय घ्यावा.

पूर्वतयारीचे वर्ष म्हणजे कच्च्या विद्यार्थ्यांची शिकवणी, अशी समजूत सहाध्यायांमध्येही आढळते. ती मला फार लागत असे. या शाखेचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेची स्थापना केली आणि योहानेस इटेन यांनी तिथे जो प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला, तो लवकरच प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा झाला. लाकूड, काच, कापड, कागद हातात घेऊन त्यांचा पोत, वजन आणि तोल ओळखायचा, मगच पुढच्या कार्यशाळेत पाऊल टाकायचे, असा तो क्रम होता. इटेन १९२३ मध्ये बाहेर पडल्यावर लास्लो मोहोली-नॉज आणि जोसेफ आल्बर्स यांनी तो पुढे चालवला. वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग त्या संस्थेत उघडला तो १९२७ मध्ये. जिच्या नावाशी आधुनिक वास्तुकला कायमची जोडली गेली, त्या संस्थेतही पूर्वतयारी आधी आली आणि वास्तुकलेचा विभाग कितीतरी वर्षांनी. हे वर्गात ऐकले त्या दिवसापासून माझी सल बरीच ओसरली.

आल्बर्स विद्यार्थ्यांना कागद देऊन त्यातला जराही वाया न घालवता काही उभे करायला सांगत. आमच्या दुसऱ्या आठवड्यातला स्वाध्याय त्याच जातकुळीचा होता. ए-३ आकाराचा एक पुठ्ठा, गोंद नाही, टेप नाही, कापून टाकलेला तुकडा नाही; दोन टेबलांमधले ३०० मिलिमीटरचे अंतर त्याने पार करायचे आणि वर ठेवलेले पुस्तक पेलायचे. सपाट पुठ्ठा पुस्तकासकट खाली गेला. पंख्यासारख्या घड्या घातल्यावर तो ताठ उभा राहिला, मी खूश झाले आणि पुस्तक ठेवताच टोकांकडच्या घड्या बाजूला पसरून सगळे पुन्हा आडवे झाले. शिक्षिकेने काहीही न सांगता दोन्ही टोकांना बोटांनी चिमटीत धरले. पुस्तक पेलले गेले. पुठ्ठा तोच होता, त्याची जाडीही तीच होती; वाढली होती ती उंची, आणि ती टिकवायची तर घड्यांना बाजूला सरकू द्यायचे नाही, एवढेच शिकायचे होते. आयताकृती तुळईची रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर वाकण्याला तिचा होणारा विरोध आठपट होतो, हे सूत्र मला पुढच्या वर्षी फळ्यावर दिसले. तोवर ते माझ्या बोटांना ठाऊक झालेले होते आणि शेजारी बसलेले, थेट पहिल्या वर्षात आलेले अनेक जण ते घोकत होते.

रेखाटनाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण चित्रकला येत नाही या भीतीनेच अनेक जण या शाखेचा नाद सोडतात. या वर्षात जे रेखाटन शिकवले जाते ते सुंदर चित्र काढण्याचे नसते. मोजून, तपासून, पुन्हा मोजून काढण्याचे असते. आम्हाला रोममधील पॅन्थिऑन हे प्राचीन मंदिर काढायला दिले होते. त्याच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ४३ मीटर आहे आणि जमिनीपासून माथ्यावरच्या गोल झरोक्यापर्यंतची उंचीही जवळजवळ तेवढीच. सेक्शन, म्हणजे वास्तूचा उभा छेद काढताना आत एक पूर्ण वर्तुळ बसते. १:२०० या स्केलवर, म्हणजे प्रत्यक्षाच्या दोनशेव्या भागाएवढे काढताना, ते वर्तुळ साधारण साडेएकवीस सेंटिमीटरचे होते, ते कंपासने काढून झाले. खरी परीक्षा छताखालून वर पाहिल्यासारखा प्लॅन काढताना झाली. घुमटाच्या आतल्या बाजूस चौकोनी खोलगट कप्प्यांच्या ५ रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत २८ कप्पे. मी कोनमापक घेतला, ३६० ला २८ ने भागले, उत्तर पूर्णांकात येईना म्हणून १३ अंश धरले आणि सबंध दुपार पेन्सिल चालवली. शेवटचा कप्पा आला तेव्हा त्याच्या वाट्याला फक्त ९ अंश उरले होते. पाचही रांगांत एकाच बाजूला चिमटलेला कप्पा दिसत होता.

शिक्षकांनी शीट फाडायला लावली नाही. त्यांनी आधी वर्तुळाचे बिनचूक चार भाग करायला सांगितले आणि मग डिव्हायडरने (दोन टोकदार पायांच्या कंपासने) अंदाज घेत, मागेपुढे करत प्रत्येक चतुर्थांशाचे सात भाग. कंपास आणि सरळ पट्टी वापरून वर्तुळाचे अचूक सात समान भाग करताच येत नाहीत, हे गणित त्यांनी त्याच वेळी समजावले. म्हणून चूक होणारच हे धरून चालायचे आणि ती एका चतुर्थांशाच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. त्यानंतर खालच्या भिंतीतली कोनाड्यांची आखणी वर जुळवताना लक्षात आले की, ती आठाच्या पटीत आहे, वरचे कप्पे अठ्ठावीस आहेत आणि बहुतेक ठिकाणी दोन्हींच्या रेषा एकमेकींना भेटत नाहीत. छायाचित्रात हे कधीच जाणवले नव्हते. वास्तू वाचायची म्हणजे काय करायचे, हे मला त्या शीटने शिकवले आणि या एका स्वाध्यायासाठी मी त्या विभागाची मनापासून ऋणी आहे.

जिन्याच्या मोजमापाचा स्वाध्यायही तितकाच मोलाचा होता. ग्रंथालयाच्या जिन्याचा प्रत्येक चढ १६५ मिलिमीटर आणि पाऊल ठेवायची रुंदी ३०० मिलिमीटर भरली. दोन चढ अधिक एक रुंदी ६०० ते ६४० च्या दरम्यान यावी, हा चालण्याच्या सोयीचा जुना ठोकताळा त्यात नेमका बसत होता. १:२० वर सेक्शन काढला, तर माझा जिना कागदावर वरच्या मजल्याच्या आठ मिलिमीटर खालीच संपला. मी पाऊल ठेवायच्या जागा मोजल्या होत्या, मधल्या लँडिंगसह एकोणीस. चढ मात्र वीस होते. चढ नेहमी एकाने जास्त असतो, कारण शेवटचा चढ मजल्यावरच नेऊन सोडतो. ही चूक पदवीच्या वर्षांत गुण गेल्यावर समजण्यापेक्षा इथे समजली हे बरे झाले. फाउंडेशनचे गुण अंतिम पदवीच्या श्रेणीत धरले जात नव्हते, त्यामुळे चुकीची किंमत फक्त पुन्हा काढण्याचे कष्ट एवढीच होती.

ज्यूरीविषयी मात्र संमिश्र मत आहे. भिंतीवर शीट लावून, मॉडेल पुढे ठेवून परीक्षकांसमोर बोलण्याचा सराव लवकर मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पहिल्या दोन ज्यूरींत प्रश्न विचारले गेले, उत्तरे ऐकून घेतली गेली. शेवटच्या ज्यूरीत परीक्षक दिवसभराचे थकलेले होते, शेवटच्या दहा-बारा विद्यार्थ्यांना जेमतेम पाच मिनिटे मिळाली आणि एका मुलीचे मॉडेल उचलूनही पाहिले गेले नाही. तीन आठवड्यांच्या कामाकडे पाठ फिरवणे, ही नवशिक्या विद्यार्थ्याला मिळणारी सर्वांत वाईट शिकवण आहे, आणि विभागाने ती टाळायला हवी होती.

सर्वांत मोठी तक्रार जागेची. प्रवेशाच्या वेळी स्टुडिओतील स्वतंत्र टेबलाचे आश्वासन होते. प्रत्यक्षात टेबले पहिल्या वर्षापासून पुढच्या विद्यार्थ्यांना मिळाली आणि आम्ही रोज रिकामी वर्गखोली शोधत फिरलो. अर्धवट मॉडेल पिशवीत घालून ने-आण करताना कोपरे दबतात, चिकटवलेले सांधे सुटतात. पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे शेजारच्याचे काम दिसत नाही. या शाखेत निम्मे शिक्षण दुसऱ्याच्या टेबलाकडे पाहून होते, आणि त्यालाच आम्ही मुकलो. मॉडेल कार्यशाळेतही आमचा क्रमांक शेवटचा होता. लेझर कटरची वेळ सबमिशनच्या आठवड्यात मिळतच नसे, म्हणून मी सगळे पुठ्ठे हातानेच कापले. पात्याला जोर न लावता तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापायचे, पाते बोथट होण्याआधी बदलायचे, पट्टी स्टीलचीच घ्यायची, हे त्यामुळे पक्के झाले खरे. तरी त्याचे श्रेय गैरव्यवस्थेला देण्याची माझी तयारी नाही.

निबंधलेखन, संदर्भ देण्याची पद्धत आणि गणिताची उजळणी हे भाग इतर शाखांच्या विद्यार्थ्यांबरोबर मोठ्या सभागृहात होत. ते ठीकठाक होते. संगणकावरील ड्राफ्टिंगची तोंडओळख अखेरच्या सत्रात झाली आणि माझ्या मते तो उशीर योग्यच होता, कारण पडद्यावर स्केल हवे तसे लहानमोठे होते आणि भिंत किती जाड आहे याचे भान सुटते. हाताने १:५० वर भिंतीची जाडी काढलेल्याला ते भान सोडत नाही.

ज्यांचा पोर्टफोलिओ तयार आहे आणि ज्यांनी मोजमाप घेऊन काही ना काही बनवलेले आहे, त्यांनी थेट पहिल्या वर्षासाठीच प्रयत्न करावा. त्यांना या वर्षाचा पहिला अर्धा भाग रेंगाळलेला वाटेल. विज्ञान, वाणिज्य किंवा भाषा शिकून या वाटेवर येणाऱ्याने, आणि विशेषतः शिक्षणात काही वर्षांचा खंड पडलेल्याने, हे वर्ष जरूर घ्यावे. फक्त प्रवेश घेण्याआधी स्टुडिओ पाहायला जावे, तेही शक्यतो सबमिशनच्या दिवसांत, आणि फाउंडेशनचे विद्यार्थी कुठे बसतात हे शिक्षकांना न विचारता त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. एका शिक्षकामागे स्टुडिओत किती जण असतात आणि आठवड्यातून किती वेळा टेबलाशी बसून चर्चा होते, हेही तिथेच कळेल. पहिल्या वर्षात जाण्यासाठी नुसते उत्तीर्ण होणे पुरते की ठरावीक गुण लागतात, हे मात्र विभागाकडून लेखी घ्यावे. आमच्या तुकडीतील दोघांना ही अट निकालाच्या दिवशी समजली. त्यांना त्याच विद्यापीठात दुसऱ्या शाखेत जागा देऊ केली गेली आणि दोघांनीही ती नाइलाजाने घेतली.